गेममधला एखादाच प्राणी सगळ्यांचा लाडका का होतो?

झाकोळ

नमस्कार मंडळी,

बऱ्याच दिवसांपासून डोक्यात घोळणारा विषय आज लिहून काढतो. पोकेमॉन या गेममालिकेच्या दुनियेत आता हजाराहून जास्त प्राणी आहेत (त्यांनाही पोकेमॉनच म्हणतात; ते पकडून चेंडूत ठेवायचे आणि लढाईत उतरवायचे). प्रत्येकावर कुणीतरी मन लावून काम केलेलं असणार. तरी मोजकेच लोकांच्या वह्यांवर, दप्तरांवर, प्रोफाइलच्या फोटोंत दिसतात आणि बाकीचे यादीत पडून राहतात. इतर गेममध्येही हीच गत. असं का होतं?

"गोंडस दिसतो म्हणून" हे उत्तर मला अपुरं वाटतं. त्यात तथ्य आहेच. प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक कोनराड लोरेन्झ यांनी १९४३ मध्येच मांडून ठेवलंय की मोठं डोकं, मोठे डोळे, फुगरे गाल, आखूड हातपाय दिसले की माणसाला आपसूक माया वाटते, कारण आपली बाळं तशीच दिसतात. पण गोंडस प्राणी तर प्रत्येक गेममध्ये ढिगाने असतात. ते सगळे कुठे लाडके होतात?

माझं म्हणणं असं: रूपामुळे आपण थांबून बघतो. जीव जडतो तो मात्र त्या प्राण्याला स्वतःचं मन आहे असं वाटलं तर. आपल्या कामाचं नसलेलं, कधी कधी तर आपल्या सोयीच्या आड येणारं काहीतरी तो करतो, तेव्हा.

पोकेमॉन यलो (१९९८) हा गेम घ्या. त्यातला पिकाचू चेंडूत बसायला तयार नसतो, आपल्या मागे मागे चालतो. वळून त्याच्याकडे तोंड केलं आणि बटण दाबलं की एका चौकटीत त्याचा चेहरा दिसतो, कधी खुशीत, कधी फुरंगटलेला. थंडर स्टोन नावाचा दगड वापरून त्याचं पुढचं रूप, म्हणजे रायचू, करायला जावं तर तो साफ नकार देतो. दोन वर्षं आधीच्या पहिल्या गेममध्ये, रेड-ग्रीनमध्ये, हाच पिकाचू पंचविसाव्या क्रमांकाचा, जंगलात क्वचित भेटणारा एक प्राणी होता.

तुमचा लाडका प्राणी कोणता? आणि त्याने असं काय केलं की तो लक्षात राहिला? पोकेमॉनच हवा असं नाही, कुठल्याही गेममधला चालेल.

भुईनळा

मॅजिकार्प, पोकेमॉनमधला मासा. सवडीने सविस्तर लिहितो, पण पहिला मान त्याचाच.

रेघोट्या

छान धागा, झाकोळ. मी चित्रं काढते, त्यामुळे माझा कल रूपाकडे जाणार. तू रूपाला जरा कमी लेखलंयस असं मला वाटतं.

गेममधला प्राणी कागदावर जन्मत असला तरी जगतो तो ठिपक्यांत. गेमबॉय या हातात धरून खेळायच्या यंत्राच्या पडद्यावर रंगाच्या फक्त चार छटा होत्या आणि समोरून दिसणाऱ्या पोकेमॉनला जास्तीत जास्त ५६ बाय ५६ ठिपक्यांची जागा. तेवढ्यात नाक, डोळे, स्वभाव, सगळं बसवायचं. पिकाचूचं मूळ रेखाटन आत्सुको निशिदा यांचं. त्यांना खारींचं वेड होतं आणि खार गालात दाणे साठवते तशी या प्राण्याने गालात वीज साठवावी, ही कल्पना तिथून आली. आता पिकाचू नुसता काळ्या शाईने भरून बघ. दोन लांब कान आणि विजेसारखी वाकडी शेपटी, एवढ्यावर लहान मूलही ओळखेल. माझी कसोटी हीच आहे: डोळे, रंग, सगळं काढून टाकलं तरी ओळखू आला पाहिजे, आणि ज्याला चित्रकला येत नाही त्यालाही काढता आला पाहिजे.

ड्रॅगन क्वेस्टमधला स्लाइम (१९८६) याचं माझं आवडतं उदाहरण. गेमचे कर्ते युजी होरी यांच्या कच्च्या रेखाटनात तो चिखलाच्या ढिगासारखा लिबलिबीत होता. चित्रकार अकिरा तोरियामांनी त्याचा टोकदार थेंब केला, दोन गोल डोळे आणि रुंद हसू दिलं. अख्ख्या गेममधला सगळ्यात दुबळा शत्रू, पहिल्याच वाटेवर मार खाणारा, आणि आज ती मालिका ओळखली जाते त्याच्यावरून. त्याला कुठे मन आहे? त्याच्याकडे हसू आहे, बस.

किर्बी या गोळ्यासारख्या नायकाची कथा तर आणखी मजेची. गेम बनवणाऱ्या मासाहिरो साकुराई यांनी तो गोळा तात्पुरता म्हणून ठेवला होता, खरा नायक नंतर काढू म्हणून. काम करता करता गोळाच आवडायला लागला आणि १९९२ साली तसाच गेममध्ये आला. साधेपणात फार ताकद असते रे.

ओलीमाती

झाकोळ, यलोचं उदाहरण मला पटलं नाही. यलो आला १९९८ मध्ये, पोकेमॉनची कार्टून मालिका सुरू झाली एप्रिल १९९७ मध्ये. पिकाचू तोवर घराघरात पोचला होता. चेंडूत न बसणं, मागे चालणं हे सगळं मालिकेतूनच गेममध्ये आलं. सुरुवातीला तर मालिकेसाठी क्लेफेरी या दुसऱ्याच पोकेमॉनचं नाव पुढे होतं. ती निवडली गेली असती तर आज आपण इथे क्लेफेरीच्या मनाबद्दल लिहीत बसलो असतो.

जे रोज दिसतं ते आवडायला लागतं. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायोन्क यांनी १९६८ मध्ये प्रयोग करून हेच दाखवलं होतं: अर्थ न कळणारी चिन्हंसुद्धा वारंवार दाखवली की लोकांना ती जास्त आवडायला लागतात. खेळणी, कार्ड, टी-शर्ट, सिनेमा... समोर सतत नाचवलं की लाडकं होणारच.

झाकोळ

@रेघोट्या, काळ्या शाईची कसोटी एकदम पटली. स्लाइमबद्दल मात्र अजून भांडेन, वेळ मिळाला की.

@ओलीमाती, क्लेफेरीचा मुद्दा बरोबर आहे आणि मालिका आधी आली हेही. पण मालिकेत तरी पिकाचूने काय केलं? पहिल्याच भागात तो ॲशचं, म्हणजे मालिकेतल्या नायक मुलाचं, ऐकत नाही, त्याला विजेचे झटके देतो, दोरी बांधून ओढत न्यावं लागतं. मग पक्ष्यांच्या थव्यापासून ॲश त्याला आडवा होऊन वाचवायला जातो आणि तो पहिल्यांदा त्याच्या बाजूने उभा राहतो. म्हणजे मुद्दा तोच राहिला, फक्त गेमऐवजी पडद्यावर घडला. आणि नुसतं समोर नाचवून भागत असेल, तर मोठमोठ्या कंपन्यांनी मुद्दाम पुढे केलेले कितीतरी प्राणी विस्मरणात का गेले?

ठोकळेबाज

माइनक्राफ्ट (ठोकळ्यांनी जग बांधायचा गेम) खेळणारे कुणीच आले नाहीत, तर मी सुरुवात करतो.

तिथल्या मांजराने माझी जेवढी वाट अडवली आहे तेवढी कुठल्याही बॉसने, म्हणजे मोठ्या शत्रूने, अडवली नाही. मांजर सामानाच्या पेटीवर जाऊन बसलं की ती पेटी उघडतच नाही! बाहेर रात्र पडत असते, तलवार पेटीत, आणि हे महाराज वर बूड टेकून बसलेले. मारवत नाही, मग समोर मासा धरून उठवायचं. गेम बनवणाऱ्याला हे सहज टाळता आलं असतं, पण मांजर म्हणजे काय हे त्याला नीट कळलेलं होतं. लांडगा पाळला तर त्याची तब्येत आकड्यात दिसत नाही, शेपटीवरून ओळखायची. शेपटी खाली गेली की याला मार लागलाय, मांस खायला द्या. या दोन गोष्टींमुळे झाकोळच्या बाजूने माझं पूर्ण मत.

आणि तिथलाच फुटणारा शत्रू, क्रीपर! त्याचा जन्मच गोंधळातून झालाय. डुक्कर तयार करताना लांबी आणि उंचीच्या आकड्यांची अदलाबदल झाली आणि उभाच्या उभा, हात नसलेला प्राणी तयार झाला. त्याला हिरवा रंग दिला, उदास तोंड दिलं. पावलांचा आवाज नाही, मागे येऊन उभा राहतो, एकदाच सस्स्स करतो आणि तुमच्या घराची भिंत जाते. सगळ्यांनी त्याच्यामुळे काही ना काही गमावलंय आणि तरी सगळ्यात जास्त टोप्या नि टी-शर्ट त्याच्याच तोंडाचे दिसतात. मांजराला घाबरतो तो, हे आणखी गोड.

मनमौजी_अस्वल

क्रीपरचा विषय निघाला म्हणून लिहितो. आपण सगळे मायेबद्दलच बोलतोय, पण भीती आणि आदर यांनीही प्राणी लाडका होतो. महाकाय प्राण्यांची शिकार करायचा मॉन्स्टर हंटर खेळणाऱ्याला विचारा.

त्यातला झिनोग्रे (२०१०) पहिल्यांदा समोर येतो तेव्हा तो लांडगा आहे की ड्रॅगन हेच कळत नाही. थांबून, मान उंचावून ओरडतो आणि आजूबाजूचे विजेचे किडे त्याच्या पाठीवर गोळा होतात. भरत आले की आयाळ ताठ उभी राहते, सगळं अंग निळं होतं. त्या भरण्याच्या वेळात तुम्ही त्याला पाडू शकता, हे कळायला चार मार खावे लागतात. म्हणजे तुम्ही त्याचा स्वभाव शिकता. कधी डावा पंजा आपटणार, कधी पाठीवर पडून अंग झोकून देणार, हे तुमच्या हातांना पाठ होतं. एवढं बारकाईने आपण कुणाकडे बघतो?

आणि शेवटी तो लंगडायला लागतो. शिकार संपत आल्याची ती खूण असते. जखमी प्राणी लढाई सोडून आपल्या गुहेकडे जातो आणि झोपतो. तिथे तलवार उपसून उभं राहिलं की विजयाबरोबर पोटात काहीतरी तुटतंच. मला ते तुटणं या मालिकेतला सगळ्यात खरा क्षण वाटतो. दुष्ट राक्षस मारला असं तिथे वाटत नाही, एका जिवाला मारलं असं वाटतं.

कुजबुज

अस्वलदादा, अगदी! हेच मला शॅडो ऑफ द कलोससमध्ये (२००५) झालं. सोळा महाकाय प्राणी, सोळाही मारायचे. तेरावा आकाशात उडणारा, नागासारखा लांबलचक, वाळूच्या वर फिरतो. तो अख्ख्या लढाईत तुमच्यावर एकदाही हल्ला करत नाही. आपणच घोड्यावरून पाठलाग करायचा, पंखावर उडी मारायची आणि वार करायचे. पडला की आनंदाचं संगीत नाही, करुण सूर वाजतात. तो प्राणी कुठल्या खेळण्यात नाही, कार्टूनमध्ये नाही, त्याला धड चेहराही नाही. तरी ज्यांनी खेळलंय त्यांना विचारा.

@ओलीमाती, हा तुमच्यासाठी.

ओलीमाती

@कुजबुज, ज्यांनी खेळलंय त्यांनाच ठाऊक, हाच तर माझा मुद्दा. जिवाला चटका लावणं आणि लोकप्रिय होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धागा लोकप्रियतेवर आहे.

पारवा

ओलीमातीशी अर्धवट सहमत. आकडे बघायचे तर २०२० मध्ये पोकेमॉन कंपनीने गूगलबरोबर जगभर मतदान घेतलं होतं. पहिला ग्रेनिंजा, मग लुकारियो, मिमिक्यू, चारिझार्ड आणि अंब्रिऑन. पिकाचू पहिल्या पाचांत नव्हता! ज्याला सगळ्यात जास्त दाखवलं तो पहिला यायला हवा होता ना?

ग्रेनिंजाचं कारण सरळ आहे. तो चपळ आहे, ताकदवान आहे, निंजा आहे आणि स्वतःचीच जीभ गळ्यात मफलरसारखी गुंडाळून फिरतो. ज्यांनी त्याला बेडकाच्या पिल्लापासून वाढवलं, त्यांना तो शेवटपर्यंत कामी आला. विश्वासाने शेवटपर्यंत साथ देणारा गडी कुणाला नको असतो? चारिझार्डचंही तेच.

मिमिक्यू मात्र वेगळं प्रकरण आहे. २०१६ मध्ये आला. लोकांना पिकाचू आवडतो म्हणून हा बिचारा जुन्या कापडावर पिकाचूचा चेहरा काढून ते पांघरतो, म्हणजे आपल्याशीही कुणी मैत्री करेल. चेहरा वेडावाकडा, डोळे खडूने काढल्यासारखे, शेपटीच्या जागी काठी. लढाईत पहिला फटका ते कापड झेलतं आणि वरची मान मोडून एका बाजूला लोंबते. माझी भाची शाळेच्या प्रत्येक वहीवर त्याला काढते. का आवडतो विचारलं तर म्हणाली, "त्याला कुणी बघत नाही ना, म्हणून मी बघते." मला या उत्तरापुढे बोलायला काही सुचलं नाही.

रेघोट्या

पारवा, भाचीला माझ्याकडून शाबासकी सांग.

आणि बघ, मिमिक्यूचं चित्र मुद्दाम बिघडवलेलं आहे. लहान मुलाने काढावा तसा चेहरा. म्हणून मुलांना तो सहज काढता येतो, आणि चुकला तरी बरोबरच दिसतो. चित्रकाराने यापेक्षा मोठी भेट काय द्यायची?

शेवंती९

मी पोकेमॉन नझलॉक पद्धतीने खेळते, त्यामुळे या विषयावर माझं पक्कं मत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: साधारण २०१० पासून चाहत्यांमध्ये रुळलेले हे नियम आहेत. प्रत्येक भागात जो पहिला पोकेमॉन भेटेल तोच पकडायचा, त्याला नाव द्यायचंच, आणि लढाईत तो बेशुद्ध पडला की मेला असं धरून कायमचा सोडून द्यायचा.

या नियमांनी काय होतं? आपल्या आवडीनिवडीला जागाच राहत नाही. पोकेमॉन हार्टगोल्डमध्ये मला पहिल्या गुहेत झुबॅट हा वटवाघळासारखा पोकेमॉन मिळाला. झुबॅट कुणालाही आवडत नाही, गुहेत दर चार पावलांवर तोंडावर येऊन आदळतो. मी वैतागून नाव ठेवलं बंड्या. पण त्याच बंड्याने एका जिममध्ये (तिथे तिथल्या उस्तादाशी लढत द्यावी लागते) बाकी सगळी टीम गारद झाल्यावर शेवटचा वार केला, जेमतेम जीव शिल्लक असताना. पुढे तो गोलबॅट झाला, आणि गोलबॅटचा क्रोबॅट तर तेव्हाच होतो जेव्हा त्याचा आपल्यावर पुरेसा जीव जडलेला असतो. नुसती लेव्हल वाढवून काही उपयोग नाही. ज्या दिवशी पडद्यावर त्याचं रूप बदलायला लागलं, त्या दिवशी मी ओरडलेच.

माझ्यासाठी क्रोबॅट पहिल्या नंबरचा आहे आणि त्यात त्याच्या रूपाचा काही हात नाही. गमावण्याची भीती असली की कुठलाही प्राणी आपला होतो.

भुईनळा

शेवंतीताई, बंड्याला सलाम!

आता मॅजिकार्पबद्दल. सुरुवातीच्या गेममध्ये डोंगराच्या पायथ्याशी एक इसम आपल्याला पाचशेला हा मासा विकतो. मासा घेऊन लढाईत उतरलं की त्याला एकच गोष्ट येते: उड्या मारणं. खाली ओळ येते, काहीही झालं नाही. काहीही! पंधराव्या लेव्हलला कुठे अंगावर धडकायला शिकतो. तोवर दर लढाईत त्याला पुढे पाठवायचा, लगेच मागे घ्यायचा, दुसऱ्याने लढायचं आणि अनुभवाचा वाटा याला द्यायचा. हे सगळं विसाव्या लेव्हलपर्यंत. आणि मग त्याचा होतो ग्याराडोस. एवढा मोठा, चिडलेला, पडद्यात न मावणारा.

लोकांना वाटतं आम्हाला ग्याराडोस आवडतो. मला मॅजिकार्पच आवडतो. ग्याराडोस कुणीही सांभाळेल. ज्याने मॅजिकार्प सांभाळला त्याला त्या ग्याराडोसवर हक्क सांगता येतो. झाकोळच्या भाषेत सांगायचं तर इथे मन प्राण्याचं कमी आणि माझंच जास्त गुंतलंय.

कुजबुज

भुईनळा, शेवटच्या वाक्यावरून ट्विच या थेट प्रक्षेपणाच्या साइटवरचा तो खेळ आठवला. फेब्रुवारी २०१४ मध्ये पोकेमॉन रेड असा मांडला होता की बघणाऱ्यांनी चॅटमध्ये बटणांची नावं लिहायची आणि गेममधलं पात्र तसं हलायचं. हजारो लोक एकाच वेळी डावीकडे, उजवीकडे, मागे. गोंधळात पात्र कोपऱ्यात अडकून राहायचं. लढाईच्या मध्येच पिशवी उघडून सारखा एक शंखाचा जीवाश्म निवडला जायचा, ज्याचा तिथे काही उपयोग नव्हता. लोकांनी ठरवलं, आपण त्याचा सल्ला घेतोय! बघता बघता जीवाश्माचा देव झाला आणि पुढे त्यातून निघालेला ओमानाइट सगळ्यांचा पूज्य. टीममधल्या पिजॉट या पक्ष्याने इतक्या लढाया ओढून काढल्या की तो तारणहार ठरला, आणि भलताच दगड लागून ईव्ही या पोकेमॉनची फ्लेरिऑन झाली तर तिच्यावर खोट्या प्रेषिताचा शिक्का. १ मार्चला सगळ्यांनी मिळून गेम संपवला.

ओमानाइटला त्याआधी फारसं कुणी विचारत नव्हतं. गेम बनवणाऱ्यांनी त्याला यातलं काहीही दिलेलं नव्हतं, सगळं लोकांनी दिलं.

मनमौजी_अस्वल

बिडूफचंही तसंच. २००६ च्या पोकेमॉन डायमंड-पर्लमधला दोन दातांचा, गोलमटोल, भोळा चेहरा. लढाईत कच्चा, पण झाडं तोडणं, दगड ढकलणं, पाण्यात पोहणं असली कामं तो किंवा त्याचं पुढचं रूप निमूट करायचं, म्हणून प्रत्येकाच्या टीममध्ये हा कामकरी असायचाच. लोकांनी त्याच्यावर मीम्स केली, सुरुवातीला टवाळी म्हणून, मग मनापासून. शेवटी कंपनीलाच दखल घ्यावी लागली आणि २०२१ मध्ये १ जुलै हा बिडूफचा दिवस म्हणून साजरा झाला.

सुरपेटी

थोडं अवांतर, पण आवाजाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते.

पोकेमॉनच्या सुरुवातीच्या गेममध्ये दीडशे प्राण्यांना दीडशे आवाज ठेवायला जागाच नव्हती. म्हणून थोडे मूळ आवाज ठेवले आणि त्यांची उंची, लांबी बदलून वेगवेगळे केले. चारिझार्ड आणि राय्हॉर्न यांचा आवाज तर एकच आहे! लहानपणी आम्हाला त्याचा पत्ताही लागला नव्हता, कारण डोळ्यांसमोर ड्रॅगन असला की कान त्याला ड्रॅगनचाच आवाज मानतात.

यलोमध्ये मात्र पिकाचूला मालिकेतल्या इकुए ओतानी यांचा खरा आवाज दिला. गेमबॉयच्या छोट्या स्पीकरमधून तो खरखरीत यायचा, तरी बाकी सगळे प्राणी पिपाण्या वाजवत असताना हा एकटा बोलायचा. झाकोळ, तुझ्या पिकाचूच्या मनात या आवाजाचा मोठा वाटा आहे बघ. आणि पिकमिनमध्ये (२००१), जिथे आपण याच नावाच्या चिमुकल्या जिवांच्या फौजेला आदेश देतो, एखादा पिकमिन मेला की जो बारीकसा उसासा येतो आणि भूत वर जातं, ते ऐकल्यावर पुढचे आदेश द्यायला हात धजत नाही. शंभर असतात एका वेळी मैदानात, सगळे एकसारखे, कुणाला नाव नाही. तरी संध्याकाळ होताना मागे राहिलेला एक दिसला की जीव कासावीस होतो.

झाकोळ

सुरपेटी, हे अवांतर अजिबात नाही, उलट माझ्या मांडणीत ही बाजू राहूनच गेली होती. पिकमिनला वेगळं मन नाही, चेहरा जवळपास नाही, तरी आवाजाने माया लागते. मग मी माझं म्हणणं जरा रुंद करतो: त्या प्राण्यासाठी आपल्याला काहीतरी करावं लागलं पाहिजे, आणि आपण केलेलं किंवा न केलेलं त्याला लागलं पाहिजे. मांजराला मासा, मॅजिकार्पला सांभाळणं, बंड्याला वाचवणं, मागे राहिलेल्या पिकमिनला शिट्टी मारणं.

रेघोट्या, आता स्लाइमबद्दल. पुढच्या ड्रॅगन क्वेस्ट गेममध्ये तोच स्लाइम हरल्यावर उठून आपल्या टोळीत यायला तयार होतो. ज्याला शेकडो वेळा मारलं तो सोबत चालायला लागतो. मला वाटतं हसऱ्या थेंबाला खरी गोडी तिथून आली.

ठोकळेबाज

याच कसोटीला लावून मॉब व्होटचं, म्हणजे प्राणी निवडायच्या मतदानाचं, काय ते सांगा. माइनक्राफ्टमध्ये वर्षानुवर्षं तीन प्राणी दाखवायचे आणि मतदानात जिंकेल तो गेममध्ये यायचा. २०२० मध्ये चमकणारा स्क्विड जिंकला. आला, चमकला, आणि लोक विसरले. २०२३ मध्ये आर्माडिलो जिंकला, तेव्हा हरलेल्या खेकडा आणि पेंग्विनसाठी लोक इतके हळहळले की मतदानच बंद करा म्हणून सह्यांची मोहीम निघाली. पुढच्या वर्षीपासून ते बंदही झालं. जे प्राणी कधी गेममध्ये आलेच नाहीत, ज्यांच्यासाठी कुणी काही केलं नाही, त्यांच्यावर एवढा जीव?

याउलट ॲक्झोलॉटल हा पाण्यातला प्राणी २०२१ मध्ये आला आणि लगेच सगळ्यांचा झाला. मार लागला की पडून मेल्याचं सोंग करतो, मग बरा होऊन पोहायला लागतो. निळा तर १२०० पिल्लांत एखादा. मुलांना त्याच्यामुळे कळलं की असा प्राणी खरंच आहे आणि मेक्सिकोतल्या सोचिमिल्कोच्या पाण्यात तो नामशेष व्हायला आलाय. एका गेममधल्या प्राण्याने एवढं केलं, मला फार मोठी गोष्ट वाटते ही.

पारवा

ठोकळेबाज, पेंग्विनचं उत्तर सोपं आहे: जो आला नाही त्याच्यात प्रत्येकाने आपल्या मनातला पेंग्विन पाहिला. पोकेमॉनमधला म्यू तसाच. प्रोग्रामर शिगेकी मोरिमोतो यांनी पहिला गेम पूर्ण होता होता, तपासणीची साधनं काढून टाकल्यावर उरलेल्या सुमारे ३०० बाइट जागेत तो गुपचूप घातला होता. मग जपानमध्ये एका मासिकाने स्पर्धा ठेवून फक्त २० जणांना दिला. बाकीच्यांकडे राहिल्या अफवा: बंदरातला ट्रक ढकला, त्याच्याखाली म्यू आहे. ढकलला नाही असा माणूस आहे का इथे?

भुईनळा

ट्रक हललाच नाही हो.

शेवंती९

ट्रकवाल्यांची वेगळी संघटना काढायला हवी.

ओलीमाती

एवढं सगळं वाचून माझं मत थोडं सरकलंय, पूर्ण नाही. ओमानाइट आणि बिडूफ या दोघांना कुणी पुढे केलं नव्हतं, लोकांनीच वर आणलं, हे मान्य. पण ती मीम्स तरी वारंवार दिसली म्हणूनच पसरली. पुढे कोण करतो ते बदललं, डोळ्यांसमोर सतत असणं तेच.

मला एकच उदाहरण द्या: गोंडस नाही, ताकदीने कामी येत नाही, चेहरा नाही, आणि तरी मालिकेच्या चाहत्यांमध्ये वर्षानुवर्षं लाडका.

सुरपेटी

मेट्रॉइडचं पिल्लू. (रहस्यभेद आहे, ज्यांना खेळायचंय त्यांनी पुढचा परिच्छेद सोडा.)

१९९१ च्या मेट्रॉइड टू या गेममध्ये नायिका सॅमसचं कामच मुळी मेट्रॉइड या जातीचा नायनाट करायचं असतं. जेलीफिशसारखे गोळे, डोळे नाहीत, खाली सुळे, अंगाला चिकटून जीव शोषतात. अख्खा गेम त्यांना मारत खाली उतरायचं. शेवटी एक अंडं फुटतं आणि पिल्लू बाहेर येऊन सॅमसलाच आई समजतं. त्यानंतर परतीच्या वाटेवर शत्रूच नाहीत. पिल्लू भोवती घिरट्या घालतं आणि जिथे वाट बंद आहे तिथला अडथळा खाऊन आपल्याला पुढे जाऊ देतं. खेळणाऱ्याच्या हातात बंदूक आहे, आणि ती वापरायची गरजच उरत नाही. तीन वर्षांनी सुपर मेट्रॉइडमध्ये तेच पिल्लू मोठं होऊन भेटतं. आधी न ओळखता सॅमसचाच जीव शोषायला लागतं, मग ओळखून थांबतं, आणि शेवटच्या लढाईत तिला वाचवताना स्वतः मरतं.

त्याला चेहरा नाहीच. रेघोट्याताईंच्या शाईच्या कसोटीला उतरेल म्हणा.

रेघोट्या

उतरतं! गोल घुमट आणि खाली चार सुळे, एका हाताने काढता येतं. पण सुरपेटी, इथे मी झाकोळला मान देते. हे चित्र कितीही चांगलं असलं तरी त्या घिरट्यांशिवाय ते नुसता एक शत्रू आहे, आणि त्याच जातीचे बाकीचे सगळे शत्रूच राहिले ना. आकार तोच, सुळे तेच.

ओलीमाती

हे उदाहरण मला मान्य. याच्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

एक विचारतो. मन असलेला प्राणी असं झाकोळ म्हणतोय, ते पूर्ण ताकदीने केलेला गेम कुठला? मी गेली काही वर्षं जास्त खेळलेलो नाही, एखादा सुचवा.

झाकोळ

द लास्ट गार्डियन (२०१६), डोळे मिटून. शॅडो ऑफ द कलोसस करणाऱ्या फुमितो उएदा यांचाच. ट्रिको नावाचा प्रचंड प्राणी, थोडा मांजर, थोडा कुत्रा, थोडा पक्षी, आणि तुम्ही लहान मुलगा. हाक मारली तर तो लगेच येत नाही. कधी कान टवकारून दुसरीकडेच बघत बसतो, कधी उडी मारायला घाबरतो. सुरुवातीला त्याच्यासमोर खाण्याचं पिंप ठेवलं तरी तुम्ही जवळ उभे असाल तर तोंड लावत नाही, लांब सरकावं लागतं. काही समीक्षक यावरच चिडले होते की प्राणी ऐकत नाही. मला तो ऐकत नाही म्हणूनच खरा वाटला, आणि जेव्हा तो स्वतःहून तुमच्यासाठी आपल्या भीतीवर मात करतो तेव्हा काय होतं ते तुम्हीच बघा, इथे लिहीत नाही.

मनमौजी_अस्वल

ओलीमाती, कॅमेऱ्याचा त्रास होईल सुरुवातीला, अरुंद जागेत ट्रिकोची पिसंच पिसं दिसतात. तिथे सोडू नका. आणि एकच आदेश सारखा सारखा देऊ नका, एकदा देऊन थांबा, तो जास्त लवकर ऐकतो.

ओलीमाती

धन्यवाद, या शनिवारी सुरू करतो. खेळून झालं की इथेच लिहितो, पटलं नाही तर तेही लिहीन.

शेवंती९

ट्रिको मेला की सोडून द्यायचा नियम तिथे लावू नका म्हणजे झालं!